वाडीने नकार दिला नव्हता

देवीची लस टोचणाऱ्यांच्या नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असे. महाड तालुक्यातून पोलादपूरच्या वरच्या अंगाला गेले की डोंगरमाथ्यावर एक दहा-बारा घरांची वाडी होती. तिच्यासमोर त्या रकान्यात एका वर्षी असे लिहिलेले आहे : 'लोक अडाणी व भित्रे. भीतीमुळे टोचून घेण्यास नकार.' अक्षर माझे आहे. ते वाक्य खोटे आहे.

ती वही आज कुठे असेल, मला ठाऊक नाही. बहुधा वाळवीने खाल्ली असेल. पण त्या वाक्याची नक्कल वर गेली, वरून आणखी वर गेली, आणि पुढे कित्येक वर्षे त्या वाडीचे नाव निघाले की कचेरीतले लोक मान हलवीत. माझे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. खरे काय ते जाणणाऱ्यांपैकी बहुतेक गेले. म्हणून लिहितो.

तिसाव्या सालाच्या आधीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची आठ-नऊ, एवढा काळ मी त्या भागात देवी टोचीत हिंडलो. लोक आम्हाला देवीडॉक्टर म्हणत. आम्ही डॉक्टर नव्हतो. मराठी शाळा पुरी केलेला, हात न थरथरणारा आणि दिवसाला पाच-सहा कोस चालणारा माणूस त्या कामाला पुरे. भाताची झोडणी आटोपली की आमचा हंगाम सुरू होई आणि उन्हाळा तापला की संपे, कारण लस उन्हात टिकत नसे. काचेच्या बारीक नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायच्या, मडके खांद्याच्या शिंकाळ्यात, आणि हातात टोचणीची पेटी. दंडावर टोचायचे, आठ दिवसांनी पुन्हा जाऊन फोड उठला की नाही ते बघायचे, आणि वही भरायची.

भीती हा त्या कामातला रोजचा विषय होता. आम्ही दिसलो की आया पोरांना कणगीत लपवीत. मी तेव्हा याला सरसकट अडाणीपणा म्हणत असे. आता वाटते, त्यातली निम्मी भीती हिशेबी होती. टोचल्यावर पोर चार दिवस तापाने फणफणे, आईला रानात जाता येत नसे. कुणाच्या पोराचा दंड चिघळलेला तिने डोळ्यांनी पाहिलेला असे. देवी आल्या तर काय होते, तेही तिने पाहिलेले असे. दोन भीती समोर ठेवून ती बाई तोलत असे, आणि तोलायला वेळ लागतो. आम्ही तो वेळ देत नसू.

उरलेली भीती लशीची होती. लस रेडकाच्या अंगावर तयार करतात हे आम्हीच सांगत असू. गाईची नाही, एवढे कळल्यावर लोक सुटकेचा निःश्वास टाकत, आणि मग दुसरीच शंका काढत.

"रेडकाचं पोराच्या अंगात घालताव," एका गावात एक म्हातारा पारावर बसून मला म्हणाला, "आन् पोर चिखलात जाऊन बसाय लागलं तर?"

"तुमाला नाय टोचलं तरी दिसभर चिखलातच असता की, तात्या," मागून कोणी बाई बोलली, आणि सगळा पार हसला.

मीही हसलो. मग माझे ठरलेले भाषण केले : रेडकू म्हणजे गरीब जनावर, त्याला काय भ्यायचे? साप, बिबट्या, पुराचे पाणी यांना भ्यावे, त्यात शहाणपण आहे. जिथे धोका नाही तिथे भिणे हा मनाचा खेळ, तो सोडावा. हे भाषण मी गावोगाव केले आणि ते लोकांना पटेही.

आता माझे सांगतो. मी म्हशीला भीत असे.

कारण विचाराल तर नाही. मला कधी म्हशीने मारले नाही, लहानपणी मी कुठे म्हशीखाली सापडलो नाही. बैलाला मी हाताने चारा घालीत असे. सावित्री नदी भरली की होडीत बसायची मला भीती वाटे, पण पाणी उतरेपर्यंत थांबलो की ती जाई. फुरसे दिसले तर चार पावले मागे सरून मी काठी शोधीत असे. या भीतींशी माझे कधी भांडण नव्हते. त्यांनी मला जगवले. म्हशीचे तसे नव्हते. तिच्या शिंगांचेही मला काही वाटत नसे. तिचे ते ओले नाक, त्यातून येणारा फुसकारा, आणि मान न हलवता आपल्याकडे लागलेला डोळा. एवढे जवळ आले की माझे तळवे ओले होत, जीभ टाळ्याला चिकटे आणि पाय माझे ऐकत नसत. तिचे दूध मी आवडीने पीत असे. हे सगळे हास्यास्पद आहे हे मला तेव्हाही कळत होते. कळल्याने काही होत नसे.

गावात म्हैस चुकवता येते. त्या वाडीत येत नसे. ती माणसे जनावरे पाळून लोणी-तूप करणारी. माणशी दोन तरी म्हशी. वर चढणारी वाट शेवटी दोन कातळांच्या मधून जाई. दोन माणसे शेजारी शेजारी जाऊ शकणार नाहीत एवढी ती फट. तिच्या पलीकडे वाडी.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा खालच्या गावच्या पाटलाने दिलेला एक माणूस बरोबर होता. फटीपाशी पोहोचलो तर समोरून तीन म्हशी येत होत्या. मी कातळाला पाठ लावून उभा राहिलो. त्या माणसाला वाटले मी दम घेतोय. पण म्हशींच्या मागे एक म्हातारी होती, काटक, कपाळावर मोठे गोंदण, तोंडभर देवीचे वण. तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले, म्हशी मागे वळवल्या, आणि येऊन माझे मनगट धरले.

"चला, दाक्तर," ती म्हणाली. "वाट जरा निसरडी हाय."

वाट कोरडी ठणठणीत होती.

तिच्या शब्दाला वाडीत मान होता. उंबराखालची जागा सारवून ठेवलेली होती. तिने माझ्या मडक्याला हळदकुंकू लावले, देवीपुढे दहीभात ठेवला, आणि मग एकेक पोर स्वतः धरून माझ्यापुढे बसवले. एका बाईने रडायला सुरुवात केली तेव्हा म्हातारी तिला म्हणाली, "माझं तोंड बघ गो. माझी चार गेली त्यात. आन् तू एका फोडाला रडतेस?" सबंध तालुक्यात इतक्या शांतपणे माझे काम कुठे झाले नव्हते.

एक पोर तेवढे राहिले. म्हातारीची नात, तीन-चार महिन्यांची. तिला ताप होता, आठ दिवसांनी फोड बघायला गेलो तेव्हाही होता, आणि तापात टोचू नये असा नियम होता.

"पुढल्या वर्षाला पयली हीच," म्हातारी म्हणाली. "येनार ना?"

"येणार," मी म्हणालो.

पुढल्या वर्षी मी निरोप पाठवून दिवस कळवला. त्या दिवशी पाटलाचा माणूस पायात काटा मोडला म्हणून खालीच राहिला. मी एकटा चढलो. सकाळचे दहा वाजले असतील. कातळांच्या फटीत एक म्हैस उभी होती. बांधलेली नव्हती, मागे कोणी नव्हते. ती रवंथ करीत माझ्याकडे बघत होती.

मी हाक मारू शकलो असतो. पलीकडून पोरांचा कालवा मला स्पष्ट ऐकू येत होता. कोणी तरी म्हणत होते, "दाक्तर येत्यात, हात धुवा रे," आणि पोरे हसत होती. ती माझी वाट बघत होती. हाक मारली असती तर कोणीही पोर येऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला करते. पण मग त्यांनी मला पाहिले असते. रेडकाला काय भ्यायचे असे सांगणारा मी, कातळाला चिकटलेला, घामाने भिजलेला. मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. म्हशीने एक पाऊल पुढे टाकले, फुसकारा सोडला, आणि मी वळलो. उतरताना माझे मडके दोनदा खडकावर आपटले.

खाली देवळाच्या ओसरीत बसून मी वही काढली. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. काय लिहिले ते वर दिलेच आहे. लस फुकट जाऊ नये म्हणून ती दुपारी खालच्या गावात वापरली. दुसऱ्या दिवशी माणूस घेऊन परत वर जावे असे मनात आले होते. पण नकार लिहून झाला होता, नकार दिलेल्या वाडीत दुसऱ्या दिवशी गुण्यागोविंदाने टोचून कसे यावे? पहिले खोटे मला दुसरे पाऊल टाकू देईना.

त्या चैत्रात वरच्या अंगाला देवी आल्या. वाडीत पहिल्या वर्षी टोचलेल्या एकाही पोराला काही झाले नाही. न टोचलेली पाच होती, वर्षाच्या आत जन्मलेली चार आणि ती नात. दोन गेली. दोन वणांवर सुटली. नात वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

वरचे साहेब चौकशीला आले. शहरातले, सभ्य, कामसू गृहस्थ. मीही बरोबर होतो. भर दुपारची वेळ, म्हशी दूर चरायला गेलेल्या, फट रिकामी. उंबराखाली लोक उभे राहिले. म्हातारीच्या कडेवर नात होती, तिच्या डोळ्यांवर ओला पदर घातलेला.

साहेबांनी वही उघडली. "तुम्ही टोचून घ्यायला नकार दिलात असे इथे लिहिले आहे. का दिलात?"

एक तरुण, त्या मुलीचा बाप असावा, पुढे सरला. "आमी कुटं..." त्याने सुरुवात केली.

"तू गप रे," म्हातारी म्हणाली. मग साहेबांकडे बघून, मान खाली न घालता : "भ्यालो आमी. चुकी झाली. पुढल्या साली पाठवा यास्नी, सगळी पोरं टोचून घेऊ."

"यांनाच?" साहेबांनी विचारले.

"यास्नी वाट ठावी हाय."

साहेबांनी बाजूला घेऊन मला सांगितले की या लोकांशी धीराने वागायला हवे, अज्ञान एका दिवसात जात नाही. मी हो म्हणालो.

उतरताना म्हातारी फटीपर्यंत आली. साहेब पुढे गेले होते. मी थांबलो. मला वाटते मी क्षमा मागणार होतो, निदान तशी वाक्ये मनात जुळवीत होतो.

"त्या दिशी मी वरच्या गडग्यावर व्हते," ती म्हणाली. "सगळं बगितलं. धावत उतरले, पर तुमी गेलाव."

"मग साहेबांना का सांगितले नाही?"

ती जरा चिडलीच. "सांगून काय? तुमची नोकरी गेली असती. नवा मानूस आला असता, त्यानं खालनंच बगून लिवलं असतं, डोंगुर लई हाय. मला म्हशीची भीती नाय, साहेबाची नाय. कुनी येनारच नाय, याची भीती हाय." मग म्हणाली, "येयाच्या आदल्या दिशी सांगावा धाडा. म्हशी पलीकडच्या दांडावर नेऊन ठेवू."

मी आजवर भीतीविषयी पुष्कळ बोललो आणि ऐकले. आपल्याला नेमके कशाचे भय आहे हे इतके चोख जाणणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

मी नंतर दर वर्षी गेलो. सांगावा धाडला की म्हशी पलीकडच्या दांडावर, डोंगराच्या सोंडेवर जात. वाडीत एकही पोर टोचल्यावाचून राहिले नाही. माझी भीती मात्र गेली नाही, कमीही झाली नाही. आणि हेही लिहिले पाहिजे की या वर्षांत मी खालच्या गावांतून भाषणे करताना त्या वाडीचा दाखला देत असे. 'भिऊन नकार दिला, आणि बघा काय झाले.' दाखला परिणामकारक होता. बाया पदर तोंडाला लावीत. पुढे मला बढती मिळाली, त्यात या भाषणांचा वाटा होता.

शेवटच्या वर्षी मी गेलो तेव्हा म्हातारी वारलेली होती. सांगावा कुठे तरी अडकला असावा. फटीत म्हैस होती, आणि तिच्या गळ्याशी हात टाकून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी होती. डोळे मिटलेले, तोंडावर वण. पायांचा आवाज ऐकून तिने मान वळवली.

"कोन? दाक्तर?"

"हो."

तिने म्हशीला खांद्याने रेटून कातळाच्या एका खोबणीत सरकवले आणि स्वतः तिच्यामाझ्यामध्ये उभी राहिली. "या. धरलीय मी."

मी अंग चोरून पुढे गेलो. अगदी तिच्याजवळ आलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी सांगायची, तुमी म्हशीला भेताव. खरं?"

"नाही गं," मी म्हणालो. "उगीच."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "एवडा मोटा मानूस." आणि मी पलीकडे पोहोचेपर्यंत तिने म्हशीच्या गळ्यावरचा हात काढला नाही.

ती आज असेल तर साठीची असेल. तिच्यापर्यंत हे पोहोचेल की नाही, सांगता येत नाही. कोणी वाचून दाखवलेच तर तिच्या प्रश्नाचे उत्तर : होय, खरे आहे. त्या वर्षी तुमच्यापैकी कोणी नकार दिला नव्हता. तुम्ही हात धुऊन बसला होता. मी फटीपर्यंत आलो होतो.