अण्णांनी शिवलेलं पुस्तक

शेवटचं भेटलो तेव्हा अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा. उभा जन्म टॉवेलच्या मागावर गेलेला, छातीत सूत बसलेलं... मी स्टुलावर टेकतोय तोच म्हणाले, "सर, खरं सांगा. ते पुस्तक तुमी वाचलंय न्हवं?" मी म्हणालो, "वाचलंय की, अण्णा." ते हसले, हसता हसता खोकला लागला, आणि त्यांच्या मुलीनं, पद्मानं, मला डोळ्यांनीच उठायला सांगितलं. आठ दिवसांनी तिचाच फोन आला. त्याला आता सव्वा महिना झाला. मी दिलेलं उत्तर खरं होतं आणि तेवढंच खोटंही होतं. त्या उत्तरातून मी अजून बाहेर पडलेलो नाही.

आमचं घर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. कॉलेजचं तोंड बघितलेला घरातला पहिला माणूस मी, आणि याचा मला गर्व होता. अजूनही आहे, लपवत नाही. सोलापुरात पूर्व भागात खोली घेतली ती नरसय्याअण्णांच्या घराला लागून. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. भिंत एकच, त्यामुळं माझ्या ताटलीतला पेलासुद्धा दिवसभर थरथरत असायचा. अण्णा दहावीला गणितात गेले, इंग्रजीत मात्र निघाले, आणि तेवढ्या भांडवलावर ते इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे. परदेशातल्या, जुन्या, जाडजूड, ज्यांची नावं घेताना आमच्या प्राध्यापकांचा आवाज बदलायचा त्या. मंगळवार बाजारातल्या रद्दीवाल्याकडून वजनावर आणायच्या, आणि दोन मागांच्या मधल्या हातभर जागेत उभं राहून, शेजारी डिक्शनरी ठेवून, दिवसाला पान-दोन पान वाचायच्या. म्हणायचे, "सुताची तार तुटली की मागाचा आवाज बदलतो. तवर कान मागाचे, डोळे आपले." मला ते 'बीए' म्हणून हाक मारायचे. वयानं दुप्पट असून 'तुमी' म्हणायचे. मला ते आवडायचं.

एकदा त्यांनी माझ्या अभ्यासक्रमातलीच एक कादंबरी आणली. कव्हर नाही, शिवण सुटलेली, पानांच्या वेगवेगळ्या गड्ड्या झालेल्या. वरचे कोपरे उंदरांनी खाल्लेले, त्याबरोबर पानांचे आकडेही गेलेले. अण्णांनी गड्ड्या अंदाजानं लावल्या, मागाच्या बीमवर गुंडाळलेलं पांढरं सूत घेतलं आणि मागवाले मारतात तशी बारीक गाठ मारून पुस्तक पक्कं शिवलं. कितीतरी महिन्यांनी एके दुपारी ते पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे.

"काय ओ बीए, ही जमीनदाराची बायको मागंच तापानं मेली. माती झाली तिची, मी रडलो बी. आन् आता ही चहाला आली की! पाऊस लई हाय म्हणती."

मी ती कादंबरी वाचलेलीच नव्हती. मी गाईड वाचलं होतं. गाईडात त्या बाईच्या मरणाला एक ओळ होती, चहाचा पत्ताच नव्हता. 'माहीत नाही' म्हणायला काय जात होतं? पण समोर दहावी नापास माणूस आणि मी बीए... म्हणालो, "अण्णा, मोठ्या लेखकांचं तेच तर असतं. ते काळ सरळ लावत नाहीत. गेलेलं माणूस आठवणीतून परत येतं."

अण्णा आत गेले आणि दोन्ही माग बंद केले. दिवसाउजेडी तिथं शांतता मी पहिल्यांदा ऐकली. "लक्ष्मी, हितं ये. बीए काय सांगतात ऐक." त्यांची बायको, लक्ष्मीअक्का, सुताच्या कांड्या भरत होत्या. त्या जागच्या न उठता म्हणाल्या, "मेलेली माणसं चहाला यायला लागली तर साखर पुरंल व्हय?"

पुढं मी प्राध्यापक झालो. अण्णा मला 'सर' म्हणायला लागले. तीच कादंबरी शिकवायची पाळी आली, तेव्हा लाजेकाजेनं नवी प्रत आणून उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचली. ती बाई आधी चहाला येते. मरते नंतर. अण्णांनी एक गड्डी भलत्या जागी शिवली होती, एवढंच. मी नवी प्रत पिशवीत घालून सांगायला गेलो, तर अण्णा शेजारच्या मागवाल्याला तीच गोष्ट सांगत होते. "साधं न्हाय ते पुस्तक. आमच्या सरांनी उलगडून सांगितलं." पिशवी मी तशीच घरी आणली. मनाशी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढच्या खेपेआधी लक्ष्मीअक्का गेल्या. तापानंच. दिवस झाल्यावर भेटायला गेलो, तर अण्णा पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. "सर, तुमी सांगितलं नसतं तर मी ते पान चुकीचंच समजलो असतो की. आता कळतंय. चार वाजले की येती ती. साखर कमी हाय म्हणती." मी मान डोलावली. आमच्याकडं रात्री मेंढरं वाघुरीत कोंडतात. सुताचंच जाळं असतं ते. मेंढरानं रेटा दिला तर तुटेलही, पण मेंढरू रेटा देत नाही, रात्रभर आत उभं राहतं. मी तसाच वर्षानुवर्षं उभा राहिलो. वर्गात बाई बरोबर क्रमानं मरायची, अण्णांच्या घरी उलट्या क्रमानं, आणि दोन्हीकडं मीच सर.

म्हणून त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा 'वाचलंय' हे खरं होतं. पण ते आजचं विचारत होते की त्या दुपारचं? त्यांना कळलं होतं का? खोकला मध्ये आला आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

परवा पद्मानं ते पुस्तक मला आणून दिलं. वडलांना ती नाना म्हणायची. म्हणाली, "सर, शेवटी डोळे चालंनात, तर नाना मला तेवढंच पान वाचायला लावायचे. चहाचं." पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. बीमचं सूत पिवळं पडलंय, पण गाठ हलत नाही. चहाची गड्डी काढून मरणाच्या आधी लावायची, दहा मिनिटांचं काम. मी ब्लेडही आणलं. पण ही गाठ तोडून पुस्तक बरोबर करणारा मी कोण? जागेची चूक त्यांच्या हातून झाली होती. ती माझ्या तोंडानं पक्की झाली.

पद्मा पेपरची ही पुरवणी दर रविवारी वाचते. म्हणजे आता तिला कळलं. पद्मा, समोर बसून सांगायचं धाडस नाही झालं, म्हणून इथं लिहिलं. पुस्तकाचं काय करायचं ते तू ठरव. ब्लेड शेजारीच ठेवलंय, गाठ मी तशीच ठेवलीये. रागावलीस तरी ये... चारच्या सुमाराला ये. चहा मी ठेवतो.