परसोंचा स्फोट

ती पुण्याहून आमच्या विभागात आली तेव्हा मला तिथे तीन वर्षं झाली होती. गॅमा किरणांचे स्फोट हा माझा विषय. आकाशात कुठून तरी काही सेकंद या किरणांचा लोट येतो आणि विझतो. हवा ते जमिनीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून मोजायचं काम उपग्रहावरच्या दुर्बिणीचं. हैदराबादेत आमच्यापर्यंत यायचे ते नुसते आकडे, कुठल्या क्षणी किती किरण आले त्याचे. संगणक एक, फोनची लाइन एक, आणि ते आकडे उतरवून घ्यायचा मान इतके दिवस माझा एकटीचा.

मला दोन दिवस लागायचे ते काम ती दुपारपर्यंत उरकायची, आणि वर "ताई, बरोबर आहे का बघता?" म्हणून विचारायची. बरोबरच असायचं. एकदा तिला बरकतपुऱ्याला घरी जेवायला आणलं, तर माझे मराठवाड्यातून आलेले वडील तिचं मराठी ऐकून विरघळलेच. "बघ, कसं स्वच्छ बोलते. नाहीतर तू. सगळं हैदराबादी, हौ आणि नक्को." मी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि मनातल्या मनात तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

तेव्हा देशाची दारं नुकती उघडली होती. परदेशातल्या एका उन्हाळी कार्यशाळेसाठी विभागाला जागा मिळाली, पण एकच. मी पासपोर्ट काढून तयार होते. शुक्रवारी दोघींनी आपापलं काम दाखवायचं आणि सरांनी निवड करायची, असं ठरलं.

सर अस्सल हैदराबादी. सोमवारी जाता जाता तिला म्हणाले, "परसों जो आया था ना, उसका कर्व निकालको रखो."

आता आमच्याकडे परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. परसों झालेल्या लग्नाबद्दल लोक बोलतात आणि त्या जोडप्याची मुलं शाळेत जात असतात. सरांना महिन्यापूर्वीचा तो भलामोठा, तेजस्वी स्फोट हवा होता, हे मला लगेच कळलं. तिने वहीत सरळ दोन दिवसांपूर्वीची तारीख लिहिली.

त्या तारखेचा स्फोट इतका मिणमिणता होता, की मीच तो बाजूला टाकला होता. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. विसरले वगैरे नाही, ठरवून गप्प बसले. त्यानंतर चार दिवस मला छान झोप लागली.

शुक्रवारी तिने आलेख लावला. सर म्हणाले, "ये कौनसा है? मैं तो बड़ा वाला बोला था." तिचे कान लाल झाले. पण आलेख भिंतीवर होताच. मी अशा स्फोटांचे आकडे पहिलं शिखर उतरलं की कापून टाकायची. तिने, दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून, पुढचेही सगळे मांडले होते. बराच वेळ शांतता आणि मग किरण पुन्हा वाढलेले. दिशा तपासली होती, तीही तीच. म्हणजे विझलेला तोच स्फोट पुन्हा पेटला होता, आणि असं आमच्या विभागात कुणी पाहिलं नव्हतं. सर उठून भिंतीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. माझा आलेख पाहून ते "अच्छा है" म्हणाले होते, बसल्या जागेवरून.

जागा तिला मिळाली.

आबिड्सच्या बाजारात तिची बॅग घ्यायला मीच सोबत गेले, कारण न जाण्याचं काही निमित्त सुचेना. दुकानदार चाकांची नवी बॅग काढायला आत गेला तेव्हा ती म्हणाली, "ताई, सरांना कुठला स्फोट हवाय ते तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"कळलं होतं," मी म्हणाले.

तिने समोरच्या एका बॅगेची चेन उघडून पुन्हा लावली. मग म्हणाली, "बरं झालं नाही बोललात. सांगितलं असतंत तर मी तो मोठाच काढला असता, सगळ्यांनी पाहिलेला. मग तुम्ही गेला असतात."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.