इंगळेकाकांची पोटरी

"हे कुणाचं?" मॅडमनी स्क्रीनवरच्या आलेखावर पेन टेकवलं.

"इंगळेकाकांचं. दर्यापूरकडचे. पोस्टात आहेत."

"आजच सांगायला हवं त्यांना. शुगरच्या वाटेवर आहेत."

काका बाहेर बाकावर बसले होते. स्कॅनला आत येताना त्यांनी मला एकच विचारलं होतं, "माह्या मायचा पाय शुगरनं कापा लागला, साहेब. मलेई तसंच होईन काय?"

तेव्हा मी अमरावतीच्या एका सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन होतो. कापसाचे दिवस वाईट होते. चांगल्या दराची वाट बघत कापूस घराघरांत पडून असायचा. मॅडम डॉक्टर, संशोधनासाठी अकोल्याहून एसटीने यायच्या, आठवड्यातून दोनदा. शुगर होण्याआधीच स्नायूंच्या पेशींत चरबी साचते का, हे त्यांना मोजायचं होतं. पूर्वी त्यासाठी जाड सुई खुपसून मांसाचा तुकडा काढत. आमच्या पद्धतीला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. यात सुई नाही. पोटरीतला बोराएवढा ठोकळा निवडायचा, त्याला व्हॉक्सेल म्हणतात. तेवढ्यातून येणारा सिग्नल मशीन आलेखावर काढतं. पेशींच्या मधल्या फटींतली चरबी एक टेकाड उठवते, पेशीच्या आतली शेजारीच दुसरं. पाय जरा तिरपा राहिला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मेहनत पाण्यात. जिवंत माणसाच्या पेशीत असं डोकावता येतं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

काकांचं आतलं टेकाड चांगलंच उंच होतं.

"ठोकळा चुकला असेल, मॅडम. पुन्हा घेतो."

"घे. पण त्यांना आशा लावू नकोस."

पाय सरळ केला, बाजूंनी उशा लावल्या, तीन ठिकाणी मोजलं. टेकाड तसूभरही खाली आलं नाही.

मॅडम बाहेर जाऊन काकांशेजारी बाकावर बसल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण पेशंटला कधी केबिनमध्ये बोलावून सुनावायच्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमचं बैठं काम. रोज थोडं चालत जा."

काका बघतच राहिले. "माहं बैठं काम? कोनं सांगतलं तुमाले?"

फॉर्म मीच भरला होता. 'पोस्टात, सरकारी नोकरी' ऐकलं आणि 'बैठं काम' या रकान्यात खूण करून मोकळा झालो. आमच्याकडे सरकारी नोकरी म्हटली की डोळ्यांपुढे खुर्चीच येते.

"टपालाची सहा गावं हायेत माह्याकडं, सायकलनं. पावसाळ्यात काळी माती चाकात बसते, मंग सायकलच खांद्यावर घेतो. तुमी म्हनलं स्कॅनच्या आधी दोन दिवस आराम करा, म्हनून तं रजा टाकली!"

हे रजेचं त्यांनी सकाळीही सांगितलं होतं. खुर्चीवरच्या माणसाला आरामासाठी रजा कशाला लागेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मॅडमनी वही काढली. "किती वर्षं?"

"सव्वीस."

मग मॅडमनी मला समजावलं. रोज राबणारा स्नायूही पेशीत चरबी ठेवतो, हाताशी इंधन म्हणून. ती भरते, जळते, पुन्हा भरते. टेकाड तेवढंच, अर्थ उलटा. "पण खात्री रक्त तपासूनच," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. साखर आणि इन्सुलिन दोन्ही ठणठणीत.

रिपोर्ट न्यायला आलेल्या काकांना हे सांगताना मी अडखळत होतो. त्यांनीच मला सोडवलं. "म्हंजे सरकी काढतेत त्या जिनिंगमधला कापूस अन् घरात पडलेला कापूस. ढीग सारखाच दिसते. पन एक रोज हालते, एक पडून सडते."

मॅडमनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. काका रिपोर्ट शर्टाच्या आत सरकवून एसटीकडे निघाले. त्यांना पाठमोरं बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तेव्हापासून कामाचा रकाना मी माणसाला पुरतं विचारल्याशिवाय भरत नाही. मशीनला दोष देण्यात अर्थ नव्हता. स्कॅनआधी ती पोटरी मीच दोन्ही हातांत धरून पट्ट्यांत बसवली होती. लाकडासारखी टणक लागली होती हाताला.