ट्रंकेवरचा ११२

आपल्या लष्करी शाळेतल्या दोस्तांनो, सकाळपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून लिहितोय.

आमच्या वरच्या मजल्यावरचे माने आज घर सोडून कुर्डुवाडीला मुलाकडं निघाले. पाण्याच्या टाकीवरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मी गॅलरीतूनच टेम्पो भरताना बघत होतो.

तेवढ्यात एक काळी पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यावर पांढऱ्या रंगात ११२!

तुम्हाला आठवतंय ना, सत्तरच्या दशकात आपल्या हॉस्टेलवर नावानं हाक मारायलाच बंदी होती. सगळे नुसते नंबर. मी ११३. एकदा मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या ११२ नं तपासणीआधी माझे बूट पॉलिश केले. त्याचे स्वतःचे राहिले, म्हणून त्याला भर उन्हात मैदानाला दहा फेऱ्या माराव्या लागल्या. पुढं शाळाच बंद पडली. याच ग्रुपवर किती शोधलं मी त्याला!

चप्पल न घालताच खाली धावलो आणि ओरडलो, "एकशे बारा!"

पासष्टीतले माने टाचा जुळवून ताठ उभे राहिले. "हजर!" मग वळून बघितलं. "कोण रं?"

"एकशे तेरा."

"आरं... म्हंजी टाकीवरनं भांडत हुतो ते तुझ्याशी व्हय?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

टेम्पो गेला. आज टाकी काठोकाठ भरलेली आहे.

दोस्तांनो, तुमच्या शेजाऱ्याला कधी विचारलंय, शाळा कुठली म्हणून?