सरांच्या घरातले तीन पंचे

"आधी आकार काढ ने, पछी बोल," असं गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणत सर खडू पुढे करायचे. घाईने उत्तर फेकणाऱ्याची त्यांच्यापुढे डाळ शिजत नसे. तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतीलच.

घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, आमची बारावीची शिकवणी भरे. सहामाहीत मी रसायनशास्त्रात नापास झाले होते. पुन्हा तसं झालं तर कॉलेज विसरायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

"क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड ध्रुवीय," मी ठोकून दिलं.

सरांनी कमरेला दोन पंचे बांधले. एकाचं टोक मला दिलं, दुसऱ्याचं माझ्या मैत्रिणीला, आणि आम्हाला समोरासमोर उभं केलं. "खेचा! अगं, जोर लावा, मी काय साखरेचा नाही." आम्ही खेचलं. सर हलले नाहीत. "ओढ दोन्हीकडून, पण सरखी. हा कार्बन डायऑक्साइड." मग आम्हाला एकाच बाजूला तिरकं उभं केलं, आणि सर थेट कपाटावर आदळले.

"हे पाणी!"

"अहो, कंबर!" आतून काकू ओरडल्या.

"टेट्राक्लोराइडला चार पंचे लागतात, घरात तीनच आहेत. ते तू कागदावर कर."

चार बाण काढले तेव्हा मला कळलं. चारही बाजूंनी सारखी असली, तर ओढ असूनही रेणू ध्रुवीय नसतो.

दिवाळीनंतर शहराच्या नव्या भागात, वासण्याकडे, नवा क्लास निघाला. एसी, छापील नोट्स. एकेक जण तिकडे गेला, मीही गेले. सरांना सांगायला मैत्रिणीला पाठवलं, कारण माझी हिंमत झाली नाही.

बोर्डाला नेमका तोच प्रश्न आला. रसायनात मला भरघोस मार्क मिळाले आणि नव्या क्लासने वर्तमानपत्रात माझा फोटो छापला, 'आमची विद्यार्थिनी' म्हणून. तिथे हा धडा मी जाण्याआधीच होऊन गेला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पेढे घेऊन सरांकडे गेले. शिकवणीची वेळ होती, पण खोलीत ते एकटेच होते.

"फोटो सरस आलाय," ते म्हणाले. "बराबर शिकवलं हं त्यांनी तुला."

"हो, सर," मी म्हटलं.

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काही वर्षांनी सर गेल्याचा फोन आला. मैत्रीण पलीकडे रडत होती. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलले.