बारा वॉर्डांची फेरी

ऑपरेशन्स रिसर्च हा विषय त्या वर्षी तिने एकटीनेच घेतला. पन्नास बाकांच्या वर्गात ती आणि सर.

"हजेरी घेऊ?" सर विचारायचे.

"घ्या ना. दिवसभरात कुणीतरी हाक मारल्यासारखं होईल."

कमीत कमी चालून, कमीत कमी वेळात काम कसं उरकायचं, त्याचं हे शास्त्र. मैत्रिणी सगळ्या कम्प्युटरकडे गेलेल्या. जेवताना त्या हिला जागा करून द्यायच्या, पण गप्पा आपसातच चालायच्या.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एका इस्पितळाच्या लाँड्रीत मिळाला. धुतलेल्या चादरी बारा वॉर्डांत पोचवणाऱ्या ट्रॉलीची फेरी छोटी करायची. लाँड्रीच्या मुकादमांनी पसंतीची सही दिली तर पास, नाहीतर वर्ष गेलं.

तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमने पहिलं उत्तर दिलं: शून्य मीटर. प्रत्येक वॉर्डात जायलाच हवं, ही अटच ती घालायला विसरली होती.

"म्हणजे ट्रॉली हलवायचीच नाही," मुकादम म्हणाले. "झकास. मीपण घरी बसतो."

दुसऱ्या उत्तरात चारशे मीटर वाचत होते. मुकादमांनी तो कागद न वाचताच ट्रॉलीवाल्या मावशींकडे सरकवला.

"हे अंतर मोजलंस कसं गं?" मावशींनी विचारलं.

"टेप धरून. सुट्टीच्या दिवशी, गर्दी नसताना."

"आणि ट्रॉली?"

"ट्रॉली कशाला?"

"उद्या ये. ढकल."

तिने ढकलली. तिच्या फेरीत तिसराच वॉर्ड चढावरचा, आणि ट्रॉली तेव्हा गच्च भरलेली. अर्ध्यावर छातीचा भाता झाला.

"तुझ्या नकाशात चढ दिसत नाही?" मावशी म्हणाल्या.

"नाही दिसत."

"बरोबर एखादी मैत्रीण आणायचीस. तिने तरी सांगितलं असतं."

"अशी कुणी नाही, मावशी."

मावशींनी दांड्याची दुसरी बाजू धरली.

मग तीन आठवडे दोघी मिळून ट्रॉली ढकलत होत्या. प्रत्येक वॉर्डाला भार किती, दम किती लागतो, ती लिहून घ्यायची. चढाच्या वळणावर थांबल्या की मावशी जावयाची गाऱ्हाणी सांगायच्या, मग विचारायच्या, "आईचा फोन आला होता? जेवलीस का?" ती सगळ्याची नीट उत्तरं द्यायची.

नव्या फेरीत सपाटीचे वॉर्ड आधी, चढावरचे शेवटी, ट्रॉली हलकी झाल्यावर. मुकादमांनी आठवडाभर चालवून पाहिली. "दिवसाला पाऊण तास वाचतोय," म्हणाले आणि सही ठोकली.

कागद घेऊन ती धावत वळणावर गेली. मावशी आल्या, हलकी ट्रॉली एका हाताने लोटत.

"झाली सही? शहाणी माझी पोर." ट्रॉली थांबली नाही. "बघ, आता दमसुद्धा लागत नाही. वाचलेल्या वेळात एक्स-रे विभागही दिलाय मला. तिकडेच निघालेय."

"मी येऊ बरोबर?"

"आता कशाला गं? तुझं काम झालं की."

ती तरीही दांड्याला हात लावून चार पावलं चालली. ट्रॉली इतकी हलकी होती, की आपण ढकलतोय की नाही हेच कळेना. तिने हात काढून घेतला.