शेवटच्या गुरुवारचं हळदी-कुंकू

वाशी या आमच्या लहानशा तालुक्याच्या गावात आमच्या दोघींची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त पिठाची गिरणी. माझ्या बाळंतपणात माझं डोकं तिनं धुतलं. मी शाळेत शिकवायचे; तिची सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा शाळा सुटली की घरी न जाता आधी तिच्याकडं जायचे. तिला मैत्रीण म्हणणंसुद्धा मला कमी वाटायचं.

वर्ष संपत आलं की मार्गशीर्षाचे गुरुवार यायचे. शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी उद्यापन, आणि गल्लीतल्या बायकांना हळदी-कुंकू. माझी पुढची खोली मोठी, म्हणून ते माझ्याकडंच व्हायचं. एका वर्षी शेजारची एक तरुण बाई आपल्या लेकीला घेऊन दारापर्यंत आली. तिचा नवरा त्याच वर्षी कळंबच्या रस्त्यावर अपघातात गेला होता. लेकीच्या हातात आम्ही केळं आणि फूल दिलं. आई पायरीवरच उभी राहिली आणि तशीच परत गेली.

बायका पांगल्यावर माझी मैत्रीण म्हणाली, "हे काय बरं न्हाय. पुढल्या वर्षी तिलाबी बोलवायचं. सगळ्याच तसल्या बायकांना बोलवायचं. बघू कोण काय म्हणतंय."

कल्पना तिची होती. मी इतकी धीट नव्हते.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या विधवा बायका आल्या. त्यांच्यात सगळ्यात थोरल्या एक मावशी होत्या. त्यांनी कपाळावर हात धरला. "आवं, कपाळाला नको. हाताला लावा."

माझ्या मैत्रिणीनं त्यांचा हात हळूच खाली घेतला. "मावशी, लग्नाआधी परकर-पोलक्यात हिंडत होता, तवा कुंकू लावत होता का न्हाय?"

"व्हय, लावत हुते."

"मग ते नवऱ्यानं कुठं दिलं होतं?" असं म्हणून तिनं त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. काही घरांतल्या बायकांनी आमच्याकडं येणं बंद केलं. त्यांच्या दारात जाऊन भांडली तीही हीच. त्यानंतर दरवर्षी आम्ही असंच हळदी-कुंकू करत आलो.

गेल्या वर्षीच्या आषाढात माझे पती गेले. झोपेतच हृदय बंद पडलं. जमलेल्या नातेवाईक बायका माझ्या बांगड्या फोडायला पुढं आल्या, तेव्हा ती मध्ये उभी राहिली. "बांगड्यांना कुणी हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजानं सगळ्या मागं सरल्या. त्या बांगड्या माझ्या हातात राहिल्या.

मार्गशीर्ष आला. माझ्याकडं वर्षभर सण नव्हता, म्हणून तीच म्हणाली, "यंदा माझ्याकडं करू." शेवटच्या गुरुवारी ती बोलवायला आली नाही. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. आमच्यात बोलावणं कसलं? परसातली झेंडूची फुलं परडीत भरून मी गेले. दारात चपलांचा ढीग होता. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

मला बघून ती बाहेर आली आणि तिनं दार मागं ओढून घेतलं.

"अगं, यंदा राहू दे ना," ती हळू आवाजात म्हणाली. "सुनेला दिवस गेलेत. तिची आई आलीया. तिला असलं चालत न्हाय."

"असलं म्हणजे?"

"मला काय वाटत न्हाय, तुला म्हाईत हाय. पण पहिलंच लेकरू हाय गं. उद्या काय कमीजास्त झालं तर?"

"मावशींना बोलावलंस?"

"यंदा कुणालाच न्हाय." मग तिनं परडीकडं हात केला. "फुलं दे. देवीला वाहते."

आणि मी फुलं दिली. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त मला हेच लागलं. माझी फुलं आत गेली आणि मी गल्लीत उभी राहिले. परक्या बाईनं दार लावलं असतं, तर मी भांडले असते. भांडायचे शब्द मी तिच्याकडूनच शिकले होते, तिच्यासमोर ते तोंडातून फुटेनात.

घरी न जाता मी मावशींकडं गेले. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ती कुंकू लावायची, ते तुझ्या घरात," त्या म्हणाल्या. "तिच्या घरात म्या अजून पाय ठिवला न्हाय."

मी आठवू लागले. खरंच होतं. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कुंकू लावताना तिचं डोळं भरायचं, ते खोटं नव्हतं." शेंगांची पाटी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "बस. सोलू लाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुरणपोळ्यांचं ताट घेऊन परसदारी आली. पुढच्या दारानं नाही.

"विहीणबाई गेल्या का?" मी विचारलं.

"दुपारच्या एसटीनं जाणार हायेत." ती खाली बघत होती. "रागावलीस?"

"ताट घरी ने," मी म्हणाले. तिला वाटलं मी आणखी काहीतरी बोलेन. मग ताट घेऊन ती गेली.

उन्हाळ्यात तिला नात झाली. बारशाचं बोलावणं घेऊन ती स्वतः आली, हातात कुंकवाची कुयरी होती. या वेळी पुढच्या दारानं आली. मी कुंकू लावून घेतलं, बाळ कसं आहे ते विचारलं, चहा केला. बारशाला गेले नाही. आता आठवडी बाजारात भेटलो तर आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलतो. ती माझी पिशवी धरू लागते. मी म्हणते, "असू दे, जड नाही."

यंदाचा मार्गशीर्ष जवळ आलाय. उद्यापन मीच करणार आहे, माझ्याच घरी. मावशी काल विचारून गेल्या, की गिरणीपलीकडं तिला सांगावा धाडायचा का. मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.